विटा चाचपणारे गजभिये

आमच्या मौद्याच्या वीजकेंद्राच्या स्टाफ बसमध्ये डावीकडच्या तिसऱ्या सीटवर रमेश गजभिये बसायचे. डोळे मिटलेले, मांडीवर कापडी पिशवी आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पिशवीत. नवा लागलेला माणूस त्यांच्याशेजारी बसायला बिचकायचा. साहेबांचा जप चालला असेल, असं त्याला वाटायचं. एक तरुण इंजिनिअर तर पहिल्या दिवशी चपला काढून, मांडी आवरून बसला होता. मग पिशवीतून खळ्ळ असा आवाज आला आणि तो दचकून पुन्हा चपला शोधायला लागला.

पिशवीत माळ नव्हती. पोरांच्या खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटा होत्या. वर बारीक गुंड्या असलेल्या, एकीवर एक दाबून बसवायच्या. गजभिये त्या नुसत्या बोटांनी चाचपून वेगळ्या करायचे. दोन गुंड्यांच्या एका कप्प्यात, चारच्या दुसऱ्यात, उतरत्या आणि वाकड्यातिकड्या तिसऱ्यात. नागपूर सोडताना सुरुवात करायचे आणि प्लांटची चिमणी दिसायला लागेपर्यंत पिशवी लागलेली असायची.

मी एकदा विचारलं, डोळे उघडून केलं तर लवकर होणार नाही का?

"डोळ्यानं पाह्यलं का हात आळशी होते, लांजेवार भाऊ," ते म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

चोपन्न वर्षांचा माणूस. कंट्रोल रूममध्ये सीनियर ऑपरेटर. ड्युटीवर इतका चोख की त्यांच्या पाळीत कुणाची काट्यावरून नजर हलायची नाही. आणि बाहेर आल्यावर हे. हा नाद लागला कसा, तर पुतण्याच्या वाढदिवसाला विटांचा एक डबा घेतला आणि 'नीट आहेत का पाहावं' म्हणून घरी उघडला. वाढदिवसाला ते बिस्किटांचा पुडा घेऊन गेले. तेव्हापासून भंगारवाल्याकडे, रद्दीवाल्याकडे, ज्यांची पोरं मोठी झाली अशा प्रत्येक घरी गजभिये चौकशी करू लागले. आणलेल्या विटा साबणाच्या पाण्यात भिजवायच्या, पिठाच्या चाळणीत निथळायच्या आणि गच्चीवर कुरडयांसारख्या वाळत घालायच्या. तिथेच उभं राहून कावळे हाकलायचे, हेही मी ऐकलं आहे.

"बसली काय?" हा त्यांचा परवलीचा शब्द. वीट विटेवर घट्ट बसली की ते स्वतःशीच हे विचारत आणि मान डोलवत. पण पुढे हा प्रश्न सगळीकडे पसरला. माझा नवा चष्मा पाहून, "बसला काय?" नवीन साहेब बदलून आले, "बसले काय?" माझ्या मेहुणीचं लग्न ठरलं, तर घरातल्या सगळ्यांसमोर, "बसली काय सोयरीक?" डिंकाचं नाव काढलं की मात्र त्यांचं डोकं फिरायचं. जे चिकटवलं ते मेलं, असं त्यांचं मत. उकलता आलं पाहिजे, पुन्हा बांधता आलं पाहिजे.

मीही या नादाला त्यांच्यामुळेच लागलो. शहरात आमच्यासारखे सहा-सात मोठे लोक निघाले. त्यात धंतोलीतले एक दातांचे डॉक्टर होते, डॉक्टर राठी. ते राजवाडे बांधायचे, सगळे दातांसारखे पांढरेशुभ्र. महिन्यातून एका रविवारी आम्ही त्यांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत जमायचो. माझं अक्षर चांगलं म्हणून मी सचिव. गजभिये यायचे, एका कोपऱ्यात बसायचे, इतरांची अडलेली कमान सोडवून द्यायचे आणि घड्याळ पाहून सगळ्यांच्या आधी उठायचे. घरी ताई असते, एवढंच सांगायचे. आम्ही 'हो का' म्हणायचो. पंधरा वर्षं एका बसने गेलो, पण ही ताई कोण, कशी, हे मी कधी विचारलं नाही.

एकच गोष्ट आम्हाला खटकायची. त्यांच्या बांधकामाला रंगाचा धरबंद नसायचा. आकार अचूक, माप अचूक, पण लाल विटेवर हिरवी, तिच्यावर पिवळी, मधेच गुलाबी. डॉक्टर राठी म्हणायचे, हा माणूस रंगांधळा असणार. मला ते पटलं. पटलं म्हणून मी विचारायच्या भानगडीत पडलो नाही.

मग कामठी रोडवर तो दोन मजली पूल झाला. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि त्याच्या डोक्यावरून मेट्रो. गजभिये राहायचे इंदोऱ्याला, तिथून जवळच. त्या पुलाने त्यांना पछाडलं. सुट्टीच्या दिवशी ते वितींनी खांब मोजायला जायचे. एकदा एका खांबाला मिठी मारून उभे असताना हवालदाराने हटकलं. घेतली आहे का, असं विचारलं. गजभिये म्हणाले, नाही जी, घेर पाहून राहिलो. कशाला, तर घरी बांधून राहिलो. हवालदाराने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांभाळून घरी जायला सांगितलं. हा किस्सा त्यांनी विश्वासाने मला सांगितला. मी तो बसमध्ये मिठीसकट करून दाखवला. लोक खूप हसले. गजभियेही हसले.

त्याच वर्षी आम्ही पहिलं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. एका शाळेचं सभागृह मिळालं, शनिवार आणि रविवार. गजभिये शुक्रवारी दुपारी टेम्पोतून आपला पूल घेऊन आले, तीन तुकडे जुन्या चादरींत गुंडाळून. जोडल्यावर तो जवळजवळ दोन टेबलं लांब झाला. असं काम आमच्यात कुणी केलं नव्हतं. आणि असे रंगही कुठे पाहिले नव्हते. एक खांब निळा-पिवळा, दुसऱ्याला जांभळं ठिगळ, मेट्रोचा रूळ अर्धा लाल अर्धा पांढरा. काही खांबांतून विटा उगीच बाहेर आलेल्या. शनिवारी आपली ड्युटी आहे, रविवारी येतो, असं सांगून ते गेले. जाताना पुलाकडे दोनदा वळून पाहिलं.

ते गेल्यावर डॉक्टर राठी बराच वेळ पुलाभोवती फिरले. वाईट हेतू त्यांच्या मनात नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. ते म्हणाले, इतकी सुंदर रचना रंगांमुळे भंगारासारखी दिसते आहे, आपल्याकडे करड्या विटांची पोती पडली आहेत, चौघं बसलो तर दोन-तीन तासांत होईल. रविवारी गजभियेंना केवढा आनंद होईल. मी फोन लावायला हवा होता. लावला नाही. मला वाटलं, आनंद आधी सांगून टाकला तर त्यात मजा काय.

आम्ही बसलो. बाहेरच्या विटा काढल्या, त्याच मापाच्या करड्या लावल्या. बाहेर आलेले कोपरे सरळ केले. एका खांबाच्या बुडाशी एक गोल वीट बाजूला चिकटलेली होती, कशाचाही कशाशी संबंध नसलेली. ती मीच उपटली. संध्याकाळपर्यंत पूल असा दिसायला लागला की खरा वाटावा. शनिवारी लोकांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले. मी प्रत्येकाला सांगत होतो, हे आमचे गजभिये साहेब.

रविवारी अकराच्या सुमारास गजभिये आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला. त्यांच्या कोपराला धरून सत्तरीच्या आसपासच्या एक बाई चालत होत्या. पांढरी सुती साडी, डोळ्यांवर काळा चष्मा, मान जरा वर. त्यांना दिसत नाही, हे पहिल्या पावलातच कळलं.

"हे लांजेवार भाऊ," गजभियेंनी त्यांना सांगितलं. "अन् भाऊ, ही माही ताई. पूल हिनंच बांधला."

ताई मोकळेपणाने बोलायला लागल्या. त्या शाळेत मास्तरीण होत्या. आई लवकर गेल्यावर रमेशला त्यांनीच वाढवलं. काचबिंदूने हळूहळू नजर गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हाती होतं ते सगळं केलं. आणि नजर जाता जाताच घरापुढच्या रस्त्यावर पुलाचं काम निघालं. कितीतरी वर्षं कानाशी ठोकाठोक चालली, पण काय बांधतायत ते काही डोळ्यांपुढे येईना. पुलावर पूल म्हणजे काय, रमेशने दहा वेळा सांगूनही समजेना. शेवटी तो विटा घेऊन बसला. तो बाहेर जाऊन मापं घेऊन यायचा, आकाराप्रमाणे विटा लावून त्यांच्या हाताशी ठेवायचा आणि त्या बांधायच्या. वर्षभर चाललं होतं.

हे सगळं ऐकत मी त्यांच्याबरोबर टेबलापर्यंत चालत गेलो. थांबवावं कसं ते मला सुचत नव्हतं. गजभियेंनी तोवर पूल पाहिला होता. त्यांच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. फक्त ताईंच्या हातावर ठेवलेला त्यांचा हात तिथेच राहिला.

ताईंनी हात पुढे केला. पहिला खांब, दुसरा, तिसरा. बोटं भराभर चालत होती, मग सावकाश झाली. त्या परत पहिल्या खांबाशी आल्या. पुन्हा मोजत गेल्या. चौथ्या खांबाच्या बुडाशी त्यांनी चारी बाजूंनी चाचपलं.

"आपल्या गल्लीसमोरचा खांब कुठं गेला, रमेश?" त्या म्हणाल्या. "म्या गोल वीट लावली होती." आणि जरा थांबून, अगदी हळू, "हे माहं नाही."

डॉक्टर राठी पलीकडे होते, ते तिथेच खाली पाहत उभे राहिले. मी तोंड उघडलं. पण गजभियेच आधी बोलले.

"तुहाच हाय, ताई. काल एवढे लोकं आले का काही विचारू नको. ज्यानं त्यानं हात लावून पाह्यला. मंग निखळला बिचारा. या लोकायनं बसून पुन्हा बांधला, पण तुह्यासारखा कुठून जमते त्यायले."

ताईंचा चेहरा बदलला. "इतके आले?"

"इतके आले."

"अन् हात लावला सगळ्यायनं?"

"रांग लागली होती वं."

त्या हसल्या. मग आमच्याकडे, म्हणजे आमच्या आवाजाच्या अंदाजाने जिथे आम्ही होतो तिथे तोंड करून, त्यांनी आमचे आभार मानले. पडलेला पूल पुन्हा उभा केल्याबद्दल.

सोमवारी बसमध्ये मी गजभियेंच्या शेजारी बसलो. पाचपावली गेली, पारडी गेली. शेवटी जे तोंडात आलं ते बोललो. आमचं चुकलं, मला माहीत नव्हतं, तुम्ही कधी सांगितलंही नाही. शेवटचं वाक्य निघालं आणि मला माझीच लाज वाटली.

त्यांचे हात पिशवीतच होते. डोळे मात्र उघडे होते.

"नियत वाईट नव्हती जी तुमची," ते म्हणाले. "पण विचारा लागत होतं."

त्यानंतर ते आमच्यात आले नाहीत. भांडले नाहीत, टोमणा मारला नाही. रविवारी ताई एकटी असते, म्हणाले. ती तर आधीही एकटीच असायची. बसमध्ये पूर्वीसारखंच बोलायचे, पण माझ्याकडे पाहून "बसली काय?" असं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

पुलाच्या काढलेल्या विटा माझ्याकडेच होत्या. महिनाभर त्या पिशवीकडे पाहून शेवटी एका रविवारी इंदोऱ्याला त्यांच्या घरी गेलो. पुढची खोली लहान, स्वच्छ. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, बाजेखाली रचून ठेवलेले डबे. गजभियेंनी या-बसा केलं आणि ते चहा ठेवायला आत गेले. घरात चहा तेच करत.

मी ताईंच्या पुढ्यात पिशवी ठेवली. पडलेल्या पुलाच्या विटा आणल्यात, म्हणालो. त्यांनी त्या मांडीवर ओतून घेतल्या आणि एकेक चाचपू लागल्या. त्या कशाच्या शोधात आहेत हे मला कळत होतं, आणि ती त्यात नाही हेही मला ठाऊक होतं. सभागृह झाडलं तेव्हा कचऱ्यात गेली असणार. मी घरी पिशवी तीनदा उलटी करून पाहिली होती.

सगळी रास संपल्यावर त्यांनी हात झटकले.

"गोल वाली नाही यात," त्या म्हणाल्या. "कोणं नेली असन आठवण म्हणून."

"असन," मी म्हणालो.

त्या जरा पुढे सरकून बसल्या. रमेशला नीट सांगता येत नाही, म्हणाल्या. लोक आले, रांग लागली, एवढंच सांगतो. तुम्ही दोन्ही दिवस तिथे होता. मग आवाज जरा खाली आणून, नव्या विद्यार्थ्याला धीर द्यावा तसं त्यांनी विचारलं, "कोण कोण आलं होतं, जी? काय म्हणत होते?"

आतून कपबशांचा आवाज येत होता, तो थांबला.

मी सांगायला सुरुवात केली. कामठीचे एक म्हातारे गृहस्थ आले होते, म्हटलं; पुलाच्या कामावर सेंटरिंगचे मिस्त्री होते. त्यांनी खांब चाचपला आणि म्हणाले, माप बरोबर आहे. ताईंनी मान डोलावली. एक कॉलेजातली मुलगी आली होती, तिला वर मेट्रो आणि खाली रस्ता हे पहिल्यांदाच नीट उमजलं. एक बाई दोनदा येऊन गेल्या. त्यांना जरीपटक्याची बस धरायची होती, तरी त्या थांबल्या. मला इतकं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

गजभिये चहाचे कप घेऊन दारात उभे होते. ते आत आले नाहीत. तिथेच चौकटीला टेकून, मान खाली घालून ऐकत राहिले. चहावर साय धरली.

"मंग?" ताई म्हणाल्या. "अजून कोण आलं होतं?"

मी आठवल्यासारखं केलं आणि पुढे सांगत राहिलो.