एक टाका राहिलाय

खाजाभाईंच्या दुकानात गेलं की ते तुमचं तोंड बघत नाहीत, आणलेल्या वस्तूचं बूड बघतात. जुना गेमचा डबा असो की माझ्या बायकोचा मिक्सर, आधी उलटा करायचा, चष्मा कपाळावर सारायचा आणि नंबर वाचून कूळ सांगायचं.

"जपानी हाय. पहिल्या बोर्डाचं. लई खानदानी."

टीव्हीला जोडायच्या जुन्या गेमच्या डब्यांचा एवढा अभ्यास अख्ख्या नांदेडात दुसऱ्या कुणी केलेला नाही, कारण तशी कुणाला गरजच पडलेली नाही. डब्याच्या पोटात कंपनीने भरलेल्या फर्मवेअरला, म्हणजे डबा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, ते 'संस्कार' म्हणतात. जपानी डबा युरोपची सीडी घेत नाही. का, तर संस्कार आडवे येतात. संस्कार बदलता येत नाहीत का, असं मी एकदा विचारून बसलो.

"माणसाचे बदलतेत. डब्याचे बदलाया गेलं की डबा मरतो. दिग्याला विचारा."

दिग्या म्हणजे दिगंबर, त्यांचा जुना भागीदार. त्याने खाजाभाईंच्या लाडक्या जपानी डब्यात युरोपचं फर्मवेअर भरलं आणि डबा कायमचा गेला. त्यावरून हे दोन घोडे असे भांडले की दिगंबरने लातूरला वेगळं दुकान टाकलं. आठ वर्षं अबोला, तोही एका डब्यापायी. मला विचाराल तर आधी या दोघांच्या डोक्यातलं बोर्ड तपासायला हवं होतं.

माझी नोकरी लातूरला, सासुरवाडी नांदेडला. परवा घरचा डबा बंद पडला, तो खाजाभाईंकडे नेला. झाकण उघडलं आणि त्यांनी ते उजेडात धरलं. दुरुस्ती केली की झाकणाच्या आत तारीख लिहायची, ही त्यांच्याच दुकानाची पद्धत. आत पेन्सिलीने गेल्या वर्षीची तारीख होती. अक्षर दिगंबरचं; गेल्या वर्षी डबा मी लातूरला त्याच्याकडेच दिला होता. खाली लिहिलं होतं, 'हात थरथरतो. टाका जाड झाला. माफी.'

"गधा," खाजाभाई म्हणाले. "गिऱ्हाईक कधी झाकण उघडतंय व्हय? कुनाला माफी मागून राहिला ह्यो?"

तासाभरात डबा सुरू झाला. दिगंबरच्या तारखेखाली त्यांनी आपली तारीख घातली, तो सोल्डरचा जाड टाका तसाच ठेवला, आणि नुकतीच जोडलेली एक तार उपटून झाकण लावून टाकलं.

"अहो, चालू झाला होता की."

"हाव. आता लातूरला दाखवा. म्हनावं, खाजाकडून एक टाका राहिलाय."

डबा माझ्या हातात देताना त्यांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आन् तो टाका घालताना त्याचा हात किती थरथरतो, तेवढं नीट बघून मला फोन करा."