आधी पाच प्रश्न

आमच्या शेजारचे नाना दाढी करून घेताना स्वतःची मान दोन्ही हातांनी गच्च धरून बसत. दाढी झाली की गिऱ्हाइकाची मान कडकन मोडून द्यायची, ही आमच्या नशिराबादच्या न्हाव्याची फुकटची सेवा. नाना तिचे हाडवैरी. बाकावरून दुसऱ्याच्या मानेसाठीही ओरडत, "आधी पाच प्रश्न, मग मानेले हात!"

नाना भुसावळला रेल्वेच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. तिथल्या एका डॉक्टरांकडून त्यांनी हे प्रश्न उचलले. किती उंचीवरून पडला? वय किती? हातापायाला मुंग्या? मणक्यावर दाबलं की दुखतं? हे चारही ठीक असतील तरच पाचवा : स्वतःहून मान वळते का?

एकदा झोपेत माझी मान अवघडली.

"किती उंचीवरून पडला?"

"उशीवरून, नाना."

"उशी किती उंच?"

सारी गल्ली हसली. मीही हसलो, मान न हलवता!

पण त्या दिवशी काय सांगू! केळीचा ट्रक भरताना आमच्या गल्लीतला सुपडू घडांच्या थरावरून डोक्यावर आपटला. त्याची आई तांब्या घेऊन धावली. पडलेल्याची मान उचलून पाणी पाजायचं, ही आमच्याकडची पहिली रीत. तेवढ्यात नाना आले, एक चप्पल रस्त्यात टाकून! त्यांनी तांब्या हिसकून पाणी फेकलंच.

"पोरगं तहानेनं मरीन ना, नाना!"

"मान उचलशील तर मरीन!"

नाना चिखलात पालथे पडले, सुपडूचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं.

"मुंग्या येऊन राह्यल्या का रे?"

"हो नाना, दोन्ही हातात."

"बस! बाकीचे प्रश्न रद्द. दार काढा!"

आम्ही घराचं दार उपटून त्यावर सुपडूला निजवलं. ट्रक बैलगाडीच्या चालीनं जळगावला. सगळी वाट नानांनी हात काढले नाहीत. मणका मोडला होता, पण आतली शीर शाबूत! मी तर दवाखान्याच्या आवारात नाचलो.

काही महिन्यांनी सुपडू गळ्यात पट्टा घालून, स्वतःच्या पायांनी चालत पेढे घेऊन आला आणि नानांच्या पाया पडू लागला.

"वाकू नको!" नाना किंचाळले. आम्ही पोट धरून हसलो. नाना हसले नाहीत.

"माझा धाकला भाऊ निंबावरून पडला होता," ते म्हणाले. "पाणी मागे. मीच मान उचलून पाजलं. दोन घोट पेला तो."

हातातला पेढा त्यांनी तसाच धरला होता.

"तवा मले एकही प्रश्न माहीत नव्हता रे."