इस्त्री केलेलं गाणं

“त्यात काय एवढं!” हे शब्द जावयानं सासऱ्यासमोर कधी उच्चारू नयेत. आमच्या लाँड्रीवाल्यानं ते उच्चारले. तेही जेवताना, तोंडात घास असताना, आणि शेजारच्या घरात ऐकू जातील अशा आवाजात!

सासरे म्हणजे पोलिसांच्या बँडचे निवृत्त बँडमास्तर. ढोलवाल्यापासून बिगुलवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी उभ्या हयातीत नुसत्या भुवईवर नाचवलं होतं. ती भुवई वर गेली की लाँड्रीवाला अर्धं वाक्य गिळून टाकायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, जावयाची स्वतःची लाँड्री चांगली चालायला लागली, पण बँडमास्तरांनी आपला जुना गणवेश एकदाही त्याच्याकडे इस्त्रीला दिला नव्हता. तो जायचा पार तिसऱ्या गल्लीतल्या भलत्याच दुकानात! हे शल्य लाँड्रीवाल्याला कॉलरीत राहिलेल्या टाचणीसारखं टोचत होतं.

म्हणूनच सासऱ्यांनी सहज “रेकॉर्डवरचं गाणं म्हणे फोनमध्ये घेता येतं?” असं विचारताच हा उसळला.

“त्यात काय एवढं! रेकॉर्ड इकडे, लॅपटॉप तिकडे, मधे एक वायर. रविवारी गाणं तुमच्या खिशात!”

भुवई वर गेली. “कुणाचं गाणं आहे, ठाऊक आहे ना जावईबापू?”

ठाऊक होतं. सासूबाईंचं. तरुणपणी त्यांनी हौसेनं एक गाणं गायलं होतं, आणि त्याची घरच्यापुरती एकच रेकॉर्ड काढली होती. त्या गेल्यानंतर त्यांच्या आवाजाची तेवढीच खूण उरली होती. बँडमास्तर ती रेकॉर्ड उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवायचे आणि झिजेल या भीतीनं वर्षातून एकदाच लावायचे. रोज ऐकावंसं वाटायचं, पण धीर व्हायचा नाही.

“ती एकच आहे,” बँडमास्तर म्हणाले. लाँड्रीवाल्याला आपले शब्द परत घ्यावेसे वाटले, पण आता माघार कशी घेणार?

रविवारी सकाळी त्यानं सासऱ्यांकडून आणलेला रेकॉर्ड प्लेअर आपल्या घरी टेबलावर मांडला, त्यातून निघालेली वायर लॅपटॉपच्या दिसेल त्या भोकात खुपसली आणि रेकॉर्डवर सुई ठेवली. पहिल्या खेपेला ती रेकॉर्डबाहेरच उतरली. मग प्लेअरच्या स्पीकरमधून गाणं सुरू झालं. पडद्यावर हिरवी रेघ नाचायला लागली आणि लाँड्रीवाल्याच्या जिवात जीव आला.

“अहो, हळू बोला ना! आवाज जाईल आत,” बायको कुजबुजली.

“अगं वेडे, गाणं वायरीतून जातंय! आपण इथे ढोल बडवले तरी काही होत नाही.” धीर आला की या माणसाची जीभ सैल सुटते, हा जुनाच रोग. “आणि तुझ्या बाबांना एवढं घाबरायचं कशाला? मी घाबरतो का? भुवई काय, मिशी काय! खडूस म्हातारा! गणवेश तिसऱ्या गल्लीत देतो आणि गाणं माझ्याकडे!”

“पुरे हो!” असं म्हणता म्हणता बायको हसली. मग ती खिडकीशी टेकून उभी राहिली आणि आईच्या सुरात सूर मिसळून गुणगुणायला लागली. लाँड्रीवाल्यानं तिला असं गाताना कधी ऐकलंच नव्हतं. तो चक्क गप्प बसला.

गाणं संपलं. काम फत्ते! इथे हा गृहस्थ थांबला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं. पण हातात आलेली वस्तू मळकी परत करायची नाही, हा त्याच्या धंद्याचा बाणा. रेकॉर्डवर धूळ होती, बोटांचे ठसे होते. त्यानं बादलीत पांढऱ्या कपड्यांसाठी काढतो तसं कडकडीत पाणी काढलं, साबण घातला आणि रेकॉर्ड बुचकळली.

बाहेर आली ती कॉलरीसारखी वळूनच!

“अहो, हे काय केलंत?” बायको किंचाळली.

“घाबरू नकोस. सुरकुती आहे,” लाँड्रीवाला म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. “सुरकुतीच आहे नुसती. आयुष्यभर दुसरं काय केलंय मी?”

आणि त्यानं इस्त्री तापवली. वर ओलं फडकं घातलं, आणि सासूबाईंच्या गाण्यावरून एक सफाईदार हात फिरवला. चर्रर्र! काळा धूर, जळक्या रबराचा वास! फडकं उचललं तर सुरकुती साफ गेली होती. पण तिच्याबरोबर त्या बारीक बारीक रेघाही गेल्या होत्या, आणि सासूबाई तर रेघांतच होत्या!

लाँड्रीवाला मटकन खाली बसला. बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “माझ्या आईचा आवाज होता हो तो!” ती एवढंच म्हणाली. त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“अगं, आवाज आहे ना! लॅपटॉपमध्ये आहे!” तो धडपडत उठला. “रेकॉर्ड गेली तर गेली, गाणं आहे!”

त्यानं बटण दाबलं. खरखर झाली, सासूबाईंचा गोड आवाज आला, आणि पाठोपाठ, त्याच्याहून चौपट मोठ्यानं, लाँड्रीवाल्याचा स्वतःचा: “अगं वेडे, गाणं वायरीतून जातंय!”

वायर भलत्याच भोकात होती. लॅपटॉपनं वायरीतून काहीच घेतलं नव्हतं. तो बिचारा खोलीतलं सगळं आपल्याच कानांनी ऐकत बसला होता!

“ते तुमचं बोलणं कापा! आधी ते ‘खडूस’ कापा!” बायको म्हणाली.

लाँड्रीवाल्यानं कापून पाहिलं. ‘खडूस’ गेलं की त्याच्याखालची सासूबाईंची तानही जायची. परत जोडलं. ‘म्हातारा’ कापलं, तर निम्मा अंतरा गायब! घाबरून परत जोडलं. त्याचा सदरा घामानं पिळून काढण्याइतका भिजला. पुन्हा ध्वनिमुद्रण करावं, तर करणार कशावरून? जगात त्या गाण्याची आता ही एवढीच प्रत होती, आणि तिच्यात मधोमध जावई सासऱ्याला शिव्या घालत होता.

दाराची घंटा वाजली.

“संध्याकाळी येणार होते ना?” लाँड्रीवाला दाराकडे बघत पुटपुटला.

“बाबा आहेत ते! त्यांना राहवलं नसेल,” बायको डोळे पुसत म्हणाली. “दार उघडा.”

“तू उघड! तुझे बाबा आहेत!”

बायकोनं उघडलं. बँडमास्तर आत आले. वास घेतला. इस्त्रीच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे त्यांची रेकॉर्ड पडली होती, गुळगुळीत, आणि मधोमध इस्त्रीचा टोकदार ठसा! लाँड्रीवाल्यानं भुवईच्या धास्तीनं डोळे गच्च मिटून घेतले. पण ओरडणं आलंच नाही. त्यानं एक डोळा किलकिला केला, तर भुवई खाली होती आणि बँडमास्तर खुर्ची चाचपत होते.

“गेली?” त्यांनी हळूच विचारलं.

ते ऐकून लाँड्रीवाल्याला पहिल्यांदाच सासऱ्यांची भीती वाटली नाही. त्याला स्वतःची लाज वाटली. “बाबा, गाणं आहे,” तो कसाबसा म्हणाला. “पण त्यात मीही आहे. ऐकल्यावर मला घराबाहेर काढलंत तरी चालेल.”

आणि त्यानं बटण दाबलं.

सासूबाई गायला लागल्या. बँडमास्तरांचं बोट सवयीनं टेबलावर ताल धरायला लागलं. ‘ढोल बडवले तरी’ आलं, बोट चालूच. ‘भुवई काय, मिशी काय’ आलं. लाँड्रीवाल्यानं मनातल्या मनात सामानसुमान बांधलं. ‘खडूस म्हातारा!’ बोट थांबलं.

मग ते गुणगुणणं सुरू झालं. आईचा आवाज, आणि त्याच्या मागून हलकेच लेकीचा.

“ही कोण?” बँडमास्तर म्हणाले.

“मी, बाबा.”

“तू तर आई गेल्यापासून गात नाहीस.”

“मला कुठे माहीत होतं आत आवाज जातोय ते!”

बँडमास्तरांनी खिशातून रुमाल काढला आणि मिशीपर्यंत आलेलं पाणी टिपलं. मग म्हणाले, “परत लावा.”

परत लावलं. आणखी एकदा लावलं. शेवटी लाँड्रीवाला चाचरत म्हणाला, “बाबा, ते माझं मधलं... कुणा जाणकाराकडून कापून घेतो मी.”

भुवई वर गेली! “खबरदार कापाल तर! त्याच्याखाली ती आहे.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि ‘म्हातारा’ बरोबर समेवर आलाय. आमच्या ढोलवाल्याला जन्मात कधी जमलं नाही.”

आता ते गाणं बँडमास्तरांच्या फोनमध्ये आहे. रोज सकाळी फिरताना ते ऐकतात. परवा त्यांनी बँडातल्या जुन्या मित्रांना चहाला बोलावून ऐकवलं, जावयाला मुद्दाम समोर बसवून! पहिल्यांदा सगळे चाट पडले. दुसऱ्यांदा लावलं तेव्हा पांढऱ्या केसांची ती सगळी मंडळी ती जागा यायची वाटच पाहत होती. बँडमास्तरांनी भुवई उचलली आणि अख्खा बँड एका सुरात गरजला, “खडूस म्हातारा!” लाँड्रीवाल्यानं तोंड कपाआड लपवलं. बँडमास्तर पोट धरधरून हसत होते.

सगळे पांगल्यावर लाँड्रीवाल्यानं सारं धैर्य गोळा केलं. आता तर आपण घरचेच झालो! तो हळूच म्हणाला, “बाबा, आता तरी गणवेश आमच्याकडे द्याल ना इस्त्रीला?”

बँडमास्तरांनी भिंतीवर टांगलेल्या त्या गुळगुळीत रेकॉर्डकडे पाहिलं. तिच्यावरच्या इस्त्रीच्या ठशाकडे पाहिलं. मग प्रेमानं जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

“जावईबापू,” ते म्हणाले, “गणवेशही एकच आहे.”