कार्ड, नग एक

कॅमेरा आला, पण त्याच्या पोटात कार्ड नव्हतं. 'कार्ड स्थानिक पातळीवर खरेदी करावे,' असं सोबतच्या पत्रात लिहिलं होतं. ते वाचून तोताराम बाविस्करांचा चेहरा आणखी थोडा उतरला. मुळात तो उतरलेलाच असायचा. धुळ्याच्या किरकोळ नुकसान उपकक्षात सव्वीस वर्षं लोकांच्या पडलेल्या भिंती आणि उडालेले पत्रे कागदावर उतरवून घेतल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर दुसरं काय राहणार?

साल नव्याण्णव. वरून हुकूम आला होता की यापुढे नुकसानीचा फोटो डिजिटल कॅमेऱ्यानेच काढायचा. फोटोचं कार्ड प्रस्तावाला जोडून वर पाठवायचं, कारण संगणक वरच होता. आणि फोटो निघेपर्यंत पडलेली वस्तू पडलेलीच ठेवायची.

या हुकमात सगळ्यात आधी सापडली ती वच्छलाबाई. साक्रीच्या पुढे, डोंगराच्या कडेला तिचं एका खोलीचं घर. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या वादळात त्याची रस्त्याकडची मातीची भिंत आडवी झाली. घरात ती आणि तिची बकरी, दोघीच. मंगळवारी ती एसटीने धुळ्याला आली आणि बाविस्करांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"भाऊ, मनी भिंत पडनी. उचलू का आते?"

"ढेकळालाही हात लावू नका. फोटो काढायचा आहे."

"कव्हय?"

"कार्ड आलं की लगेच. आठ दिवस धरून चाला."

बाविस्करांनी आठ दिवस म्हटले तेव्हा त्यांना ते खरंच वाटत होतं. समोरच्या जब्बार फोटोवाल्याला त्यांनी कॅमेरा नेऊन दाखवला. जब्बारने खालचं झाकण उघडून फट बघितली.

"तोतारामभाऊ, यात पातळवालं कार्ड जातं. बिस्किटासारखं असतं ते. बाकीचे प्रकार चालणार नाहीत."

"लेखी देतोस?"

"मी विकत नाही, भाऊ. फक्त सांगतो."

"फक्त सांगितलेलं फाइलला लावता येत नाही, जब्बारभाई."

मग नियमाप्रमाणे तीन दुकानांकडून कोटेशनं मागवली. एक धुळ्याचं, दोन जळगावची. पत्रात लिहिलं, 'डिजिटल कॅमेऱ्याचे कार्ड, नग एक.' कार्डांत जाती असतात हे पत्रात लिहायला रकाना नव्हता. त्यामुळे ज्याच्याकडे जे होतं ते त्याने नमुन्यासकट पाठवलं. धुळ्याहून आलं बिस्किटासारखं पातळ कार्ड. जळगावच्या एकाने आगपेटीसारखं जाड पाठवलं, तर दुसऱ्याने चॉकलेटच्या कांडीसारखं लांबट.

बाविस्करांनी तुलनात्मक तक्ता केला आणि उपकक्षाचे प्रमुख देवरे साहेब यांच्यापुढे ठेवला. साहेबांनी तो हातात धरून लांबून पाहिला.

"रिकामा दिसतो हो. रकाने वाढवा."

बाविस्करांनी रकाने वाढवले. फूटपट्टीने लांबी-रुंदी मोजली, सराफाच्या काट्यावर वजन केलं. मगन शिपायाने तिन्ही कार्डं टेबलावरून फरशीवर पाडून पाहिली आणि 'पडण्याचा परिणाम' या रकान्यात तिघांपुढे 'निरंक' लिहिलं गेलं. शेवटचा रकाना मात्र बाविस्करांनी स्वतःच्या मनाने घातला, 'कॅमेऱ्यात बसते काय?' पातळ कार्डापुढे 'होय', उरलेल्या दोघांपुढे 'नाही'.

साहेबांनी नेमका तोच रकाना लाल शाईने खोडला.

"हा कशाला?"

"साहेब, जाड कार्ड सगळ्यात स्वस्त आहे, पण ते आत जात नाही."

"जात नाही हा दराचा भाग आहे का?"

"नाही साहेब."

"मग? अहो, न बसणारं घेतलं तर ऑडिटला काहीतरी उत्तर देता येतं. महागाचं घेतलं तर काय सांगणार, बसत होतं म्हणून घेतलं?"

बाविस्करांनी तो रकाना गाळून तक्ता पुन्हा लिहिला. रिवाजाप्रमाणे जाड कार्ड आलं, त्याची नोंद झाली आणि ते बसलं नाही. मगनने त्याला खोबरेल लावून पाहिलं, फुंकर मारून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "पाकीट फोडलं, आता परत नाही." शेवटी साहेबांनी वर पत्र टाकलं की, 'एकतर कार्डात बसेल असा कॅमेरा द्यावा, किंवा कॅमेऱ्यात बसेल असे कार्ड.' वरच्या ऑफिसने ते पत्र वाचायला पावसाळा घेतला.

मंगळवार मात्र कोणासाठी थांबत नव्हते. वच्छलाबाई येई, बाकावर बसे आणि गावाचं सांगे. भिंत नसल्यामुळे चुलीवर काय शिजतंय ते रस्त्यावरून दिसे आणि जाणारा-येणारा भाजीत मीठ किती ते सांगे. आषाढातल्या एका मंगळवारी ती नखशिखांत भिजून आली.

"भिंत विरघयी राहिनी भाऊ. फोटू काढापर्यंत माटी ऱ्हावाव नही."

"मग काय केलं?"

"घरवरला प्लास्टिकना कागद काढा नि तिन्हावर टाका."

"आणि तुम्ही?"

"आम्ही दोन्ही वल्ल्या. आमना काय फोटू काढाना शे?"

बाविस्करांना त्या दुपारी डबा गेला नाही. ढेकळांना हात लावू नका हे आपणच सांगितलं होतं, हे त्यांच्या मनातून जाईना. जा, उचला ती भिंत, असं सांगायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं, कारण फोटोशिवाय तिला भिंतीसाठी एक छदामही मिळाला नसता.

पोळा झाला आणि वरून एक पाकीट आलं. त्यात पातळ कार्ड. ते खट्कन आत गेलं, तेव्हा मगनने हात जोडले. दुसऱ्याच दिवशी बाविस्कर, मगन आणि बटण दाबायला जब्बार, असे तिघे एसटीने निघाले.

भिंत पाहून जब्बार गोंधळला. पावसात विरघळू नये म्हणून वच्छलाबाईने पडलेली भिंत शेणाने सारवून काढली होती. ती पडलेली वाटतच नव्हती, दुपारची जरा आडवी झालेली वाटत होती. कडेला केस विंचरून वच्छलाबाई उभी राहिली आणि दाव्याला धरलेली बकरी खोकत होती.

"बकरी बाजूला घ्या," बाविस्कर म्हणाले. "ती नुकसानीत धरत नाहीत."

"ऱ्हाऊ द्या भाऊ. तिनी बी पावसाया काढा."

जब्बारने बटण दाबलं. कॅमेऱ्याला पाठीमागे चित्र दिसायची सोय नव्हती, फक्त एक हिरवा दिवा होता. तो सोळा वेळा लागला आणि सोळा वेळा विझला. कार्ड भरलं. पाहुणे चहा पिऊन एसटीच्या थांब्यावर पोचले नसतील, तोवर वच्छलाबाईने आणि शेजाऱ्यांनी ढेकळं उचलायला घेतलीही होती. चार दिवसांत नवी भिंत उभी राहिली.

इकडे बाविस्कर दोन दिवस तापाने घरी होते. तिसऱ्या दिवशी आले तर वच्छलाबाईची फाइल पुरी होऊन टेबलावर होती. त्यांनी ती उघडली आणि खुर्चीत बसले. कार्डाच्या बरोबर मधोमध भोक होतं. भोकातून लाल दोरा गेला होता आणि कोपऱ्यात शाईने पान नंबर टाकला होता, ४७.

"मगन, हे काय केलंस?"

"जोडून पाठवा म्हणून लिहिलंय ना भाऊ? सुटं गेलं तर पडतं कुठंतरी. दाभण तापवावी लागली, पण मधोमध बसली बघा."

मगनची चूक तरी काय म्हणायची? न शिवलेला कागद त्याच्या हातून आजवर वर गेला नव्हता. बाविस्कर फाइल घेऊन जब्बारकडे धावले. जब्बारने कार्ड उजेडात धरलं. भोकातून त्याला समोरचं पानाचं दुकान दिसलं.

"इन्ना लिल्लाहि," कोणी गेल्यावर म्हणतात तसं तो हळूच म्हणाला.

बाविस्करांनी साहेबांना खरं काय ते सांगितलं.

"पुन्हा फोटो काढा."

"साहेब, भिंत उभी राहिली."

"मग राहू द्या. प्रस्ताव पूर्ण दिसतोय. जाऊ द्या वर."

त्या दिवसापासून बाविस्करांची झोप उडाली. एवढं सोसून त्या बाईच्या हाती 'नामंजूर' पडणार आणि ते आपल्याच हाताने तिला द्यावं लागणार, या विचाराने ते मंगळवारी दाराकडे पाठ करून बसू लागले.

दिवाळीनंतर वरून तीन फाइली परत आल्या. दोन प्रस्तावांत मागाहून आलेली कार्डं बाविस्करांनी पाकिटात घालून पाठवली होती. त्यांच्यावर शेरा होता, 'सोबतचे कार्ड सुटे आहे. त्रुटी दूर करावी.' तिसरी वच्छलाबाईची. बाविस्करांनी चष्मा पुसला आणि वाचलं, 'छायाचित्र पाहिले. नुकसान स्पष्ट दिसते. मंजूर.'

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग मगनला आपल्या पैशाने चहा पाजला, पण कशाबद्दल ते सांगितलं नाही.

मंगळवारी वच्छलाबाईने अंगठा उमटवला. बाविस्कर बऱ्याच वर्षांनी हसले.

"झालं बाई तुमचं काम. बकरी काय म्हणते?"

"गयी ना भाऊ. छाती भरी उनी व्हती तिनी, पावसायामा."

बाविस्करांचं हसू जागच्या जागी राहिलं. वच्छलाबाई उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"भाऊ, तो फोटू माले भेटी का? त्यामा ती शे."

फोटो आता कोणालाच दिसणार नाही, हे सांगायला बाविस्करांनी तोंड उघडलं. पण समोर शाईने 'पाहिले' लिहिलेलं होतं. सरकारने पाहिलेलं आपण कोण नाही म्हणणार? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कात्री घेतली, दोरा कापला आणि नोकरीत पहिल्यांदाच फाइलमधलं एक पान बाहेर जाऊ दिलं.

"ह्यामा शे?"

"यातच आहे."

"दिसत नही."

"वरच्या साहेबांना दिसली," बाविस्कर म्हणाले. "स्पष्ट."

ती गेल्यावर त्यांनी कपाटातून ते न बसणारं जाड कार्ड काढलं, त्याच्यावर ४७ घातलं आणि डिंकाने रिकाम्या जागी चिकटवलं. पुढे ऑडिटवाल्याने त्याच्यावर बोट फिरवलं, बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

वच्छलाबाईच्या नव्या भिंतीत बकरीच्या दाव्यासाठी ठोकलेली खुंटी त्या मंगळवारी रिकामीच होती. तिने कार्डाबरोबर आलेला फाइलचा लाल दोरा कार्डातून ओवला आणि ते खुंटीला अडकवलं. भोक होतंच.