गंगेचं आडनाव

अंधेरी पूर्वेच्या आमच्या नव्या जागेत सामान लावून व्हायच्या आतच समोरच्या दारातून किंकाळी ऐकू आली.

"मारली! मेल्यांनी हिलापण मारली!"

मी पोळी तव्यावर तशीच टाकून धावले. समोरचं दार उघडंच होतं. आत साठी ओलांडलेल्या एक ठेंगण्या बाई टीव्हीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि सोफ्यावर एक गृहस्थ शांतपणे शेंगा सोलत बसले होते.

"कोणाला मारलं?" मी धापा टाकत विचारलं.

"गंगेला! जिन्यावरून ढकलली. काय गुन्हा होता गं तिचा? दाराआडून चार वाक्यं ऐकली, एवढंच ना?"

गृहस्थांनी एक सोललेली शेंग माझ्यापुढे केली. त्या घरात हे नवीन नसावं, एवढं मला तेव्हाच कळलं.

ही माझी आणि सुनंदाकाकू नेरूरकरांची पहिली ओळख. माझी पोळी करपली, आणि त्या दिवसापासून आम्ही एकमेकींच्या घरच्या झालो.

लोक मालिका बघतात ते नायक-नायिकेसाठी. काकू बघायच्या त्या गंगा नावाच्या बाईसाठी. मालिका कुठल्याही वाहिनीवरची असो, मराठी असो नाहीतर हिंदी, त्यात गंगा आली की काकूंचं लक्ष तिच्यावर. आणि ती येतेच. चहाचा ट्रे घेऊन येते, "बाईसाहेब, पाव्हणं आल्यात" म्हणते आणि जाते. श्रीमंताच्या बंगल्यात असली तरी पदर खोचलेला. हार चोरीला गेला की पहिला संशय तिच्यावर. खुन्याला बघितलं की पुढच्या भागात ती गेलीच.

"मला एक सांग," काकू म्हणायच्या, "त्या घरातल्या कुत्र्यालासुद्धा टोपणनाव आहे. गंगेला कधी आडनाव दिलेलं बघितलंस?"

मी आठवून बघितलं. खरंच नव्हतं.

"आडनाव काय तिचं?" हा काकूंचा परवलीचा प्रश्न. कोणी म्हणालं, आमची बाई आज आली नाही, की काकू विचारणार, "आडनाव काय तिचं?" सांगता आलं नाही की समोरच्याची खैर नाही. त्यांच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना त्या "जाधवबाई" म्हणत, आणि चहा दोघी एकाच किटलीतला, एकसारख्या कपांतून घेत.

"झाडू मारण्यात कमीपणा नाही गं," त्या म्हणायच्या. "मीही मारते. पण नाव बघून झाडू हातात द्यायचा, हा कुठला न्याय? महादेवाने जिला डोक्यावर घेतली, तिला ह्या मालिकावाल्यांनी पोछा मारायला बसवली!"

या विषयावर काकू इतिहासातही शिरायच्या. पूर्वी मुलगी झाली की नदीचं नाव ठेवायचे. गंगा, यमुना, गोदा, कृष्णा. सरदाराच्या वाड्यातही गंगा, आणि त्याच्या घोड्याला चारा घालणाऱ्याच्या घरातही गंगा. जुन्या तबकड्यांवर गाणं संपलं की गाणारी बाई ठसक्यात स्वतःचं नाव सांगायची. "त्यात गंगूबाया काय कमी होत्या? काय ऐट होती त्या आवाजात!" मग सिनेमा आला, नायिका सुशिक्षित झाली, तिला नाजूक नाव हवं झालं आणि गंगेची रवानगी स्वयंपाकघरात झाली. हे सगळं पुराव्याने सिद्ध होईल की नाही, मला ठाऊक नाही. काकूंसमोर पुरावा मागायची माझी छाती नव्हती.

रिक्षांच्या पाठी काहीबाही नावं रंगवलेली असतात. "गंगा" लिहिलेली रिक्षा दिसली की काकूंनी ती थांबवलीच. भाचीच्या साखरपुड्याला अशीच एक रिक्षा पकडली, तर ती निघाली सीएनजी संपत आलेली. पंपावरच्या रांगेत दोघं नवरा-बायको नटूनथटून बसून राहिले. पोचेपर्यंत अंगठ्या घालून झाल्या होत्या. काकू म्हणाल्या, "पण रिक्षावाला काय गोड माणूस होता! आईचं नाव लिहिलंय म्हणाला."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकदा सेक्रेटरी चिडून बोलून गेले, "जिन्यातला कचरा उचलायला मी काय गंगूबाई आहे?" काकू उभ्या राहिल्या. पार्किंग, पाण्याची टाकी, गळती, सगळे विषय बाजूला पडले. सेक्रेटरींनी शब्द मागे घेतले, तरी काकू बसेनात. "मागे घेतले असं मिनिट्समध्ये लिहा." लिहिलं. वाचून दाखवायला लावलं. मगच गळतीकडे वळता आलं.

आणि समोरच्या टॉवरमधल्या बाईंनी कुत्री पाळली तेव्हा तर कहरच झाला. संध्याकाळी बागेत आवाज आला, "गंगा, सिट! गंगा, नो!" मला वाटलं, आता वाट लागली. काकू तरातरा गेल्या. मी मागोमाग. बाई बिचाऱ्या समजावून सांगायला लागल्या, हरिद्वारहून आणली म्हणून गंगा ठेवलं वगैरे. बोलता बोलता त्यांनी मोबाईलवर कुत्रीचं लसीकरणाचं कार्ड दाखवलं. त्यावर नाव होतं, "गंगा मेहता".

काकूंनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे वळल्या. "बघितलंस? कुत्रीला आडनाव दिलं ह्यांनी!" त्या दिवसापासून त्या रोज त्या कुत्रीसाठी एक ग्लुकोजचं बिस्कीट घेऊन जायच्या.

मी एकदा विचारलं होतं, "काकू, तुमचं नाव सुनंदा. तुम्हाला त्या गंगेचं एवढं काय?"

"असंच गं," म्हणून त्या कुकर बंद करायला गेल्या. कुकरची अजून एकही शिट्टी झालेली नव्हती.

या वेडाचा कळस झाला तो स्टुडिओच्या फाटकाशी. एका नव्या मालिकेत गंगा होती आणि चक्क बरी होती. बोलायला चार वाक्यं, डोक्याला गजरा. काकू खुशीत होत्या. तेवढ्यात पुढच्या आठवड्याच्या झलकीत गंगा विहिरीच्या काठावर उभी दिसली. काकूंना झोप लागेना. ते शूटिंग आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर चालतं, हे त्यांनी जाधवबाईंकडून काढलं आणि शनिवारी मला घेऊन निघाल्या.

सिक्युरिटीवाला विचारतो, "किससे मिलना है?"

"गंगा को कौन मारता है, उससे," काकू म्हणाल्या.

तो इतका गोंधळला की आत फोन करून बसला. थोड्या वेळाने एक तिशीतली लेखिका बाहेर आली. केस विस्कटलेले, हातात कागदी कप, डोळ्यांखाली काळं. भांडायला आलेल्या प्रेक्षकांची तिला सवय असावी.

"काकू, आम्ही तरी काय करणार? त्या मुलीला दुसरं काम मिळालंय. तिला काढायलाच लागणार."

"मग काढा ना! गावाला पाठवा. विहिरीत कशाला?"

"गावाला पाठवून ड्रामा होत नाही ओ."

"कसा होत नाही? तिने स्वतःचं घर बांधलंय गावाला. ती बाईसाहेबांना सांगते, मी उद्यापासून येणार नाही. बाईसाहेब रडतात. गंगा रडत नाही. जाताना सांगते, माझं नाव गंगा अमुक तमुक, कधी आलात तर या आमच्याकडे."

लेखिका कप तोंडापर्यंत नेऊन थांबली. "आडनाव काय द्यायचं?"

काकूंना हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारलेला मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी पदर सारखा केला. मग हळू म्हणाल्या, "परुळेकर द्या."

आणि विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू, पुढच्या आठवड्यात गंगा परुळेकर छोट्या पडद्यावरून ताठ मानेने चालत गेली. बाईसाहेब रडल्या. इकडे काकूही रडल्या. मजल्यावर सगळ्यांना शिरा मिळाला. काकांनी शिऱ्याची वाटी माझ्या हातात दिली आणि काहीच बोलले नाहीत, पण ते तसे कधीच काही बोलत नसत. टेलिफोन खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला बोलायचा इतका कंटाळा कसा, हा आमच्या मजल्यावरचा जुना विनोद होता.

त्यानंतर पावसाळा सरता सरता काकू न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मुलगा बेंगळुरूला, तो विमानाने निघाला, पण ऑपरेशन थांबवण्यासारखं नव्हतं. सकाळी त्यांना आत नेलं तेव्हा बाहेर मी आणि काका. आत जाताना काकूंनी स्ट्रेचर ढकलणाऱ्या नर्सला तिचं आडनाव विचारलं, तेव्हा मला जरा धीर आला.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी बाहेर येऊन तसं सांगितलं. पण दुपार झाली तरी काकू धड शुद्धीवर येईनात. पूर्ण भूल दिली होती, ती उतरायला कधीकधी वेळ लागतो, असं म्हणत म्हणत डॉक्टर दुसऱ्यांदा आत जाऊन आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा तसं म्हणाले नाहीत. नुसतंच विचारलं, "यांना आधी कधी काही त्रास होता?"

दाराच्या फटीतून मला आतलं ऐकू येत होतं. नर्स गालावर हलकेच थोपटत होती. "सुनंदाबाई, डोळे उघडा. सुनंदाबाई, ऐकू येतंय का? सुनंदाबाई!" काकू निपचित.

काका इतका वेळ बाकावर बसून होते. एकदम उठले आणि डॉक्टरांना म्हणाले, "मी जरा हाक मारून बघू?"

डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं. मी दारात थांबले. काका पलंगाशी गेले, आजूबाजूला बघितलं, नर्सकडे बघून थोडे लाजलेसुद्धा. मग खाली वाकले.

"गंगू," ते म्हणाले. "गंगू, ऊठ गं."

काकूंच्या पापण्या हलल्या.

"ए गंगू!"

"आले," काकू डोळे न उघडता पुटपुटल्या. "ओरडता कशाला?"

नर्स हसली, डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला, आणि मी दाराला टेकून रडायला लागले.

नंतर खाली कॅन्टीनमध्ये काका माझ्यासमोर चहा घेऊन बसले. ओळखीला इतकी वर्षं झाली, पण सलग पाच वाक्यं ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"माहेरची गंगा परुळेकर ती. लग्नात आमच्या आईने ताटातल्या तांदळावर अंगठीने सुनंदा लिहायला लावलं. म्हणाली, गंगू म्हणून हाक मारली तर चाळीत लोकांना वाटेल, मोलकरीण ठेवलीय." त्यांनी चहा ढवळला. साखर कधीच विरघळली होती. "नंतर ही मला म्हणाली, ते नाव माझं नाही, त्या नावाने हाक मारलीत तर मला वाटेल दुसरीच कोणी आलीय. मग मी नाही मारली."

"मग काय म्हणायचात?"

"अगं."

"एवढी वर्षं?"

"आईसमोर गंगू म्हणायची हिंमत नव्हती. आई गेली तोवर सवय राहिली नव्हती. म्हातारपणी एकदम नावाने काय हाक मारायची? लाज वाटायची." त्यांनी चमचा बशीत ठेवला. "पण सुनंदा एकदाही म्हटलं नाही. तेवढं मात्र जमलं."

मुलाचा फोन आला, विमानतळावर उतरलो म्हणून. काका त्याला रस्ता सांगायला लागले आणि मी वर गेले.

खोलीत नर्स औषधाची गोळी आणि पाणी घेऊन उभी होती. "बघा ना, मघाशी चांगल्या बोलत होत्या. आता पुन्हा उठत नाहीयेत."

मी जवळ जाऊन वाकले. काकूंचा श्वास संथ चालला होता. गालांवर रंग आला होता. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी एक डोळा किलकिला केला, नर्स बघत नाही ना याची खात्री केली आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"गप बस," त्या कुजबुजल्या. "ह्यांना बोलव."

मी काकांना बोलावलं. ते जिना चढून धापा टाकत आले, चष्मा नाकावर घसरलेला. पलंगाशी आले, आणि या वेळी आजूबाजूला कोण आहे ते बघितलंसुद्धा नाही.

"गंगू?" ते काळजीने म्हणाले.

पहिल्या हाकेला काकू उठल्याच नाहीत.