चंदेरी टाकी आणि वीरधवलची झोप

माझ्यापासून काही लपत नाही! फुशारकी नाही, रहिमतपूरला आमच्या माहेरचा हा गुणच आहे. आमच्याकडच्या बायका डावा डोळा बारीक करून बघायला लागल्या, की समोरचा माणूस विचारायच्या आधीच कबुली देतो. माझ्या लग्नात भटजींनी घाईघाईत एक मंगलाष्टक गाळलं, ते कुणी पकडलं? मीच! अंतरपाटाआडून, डावा डोळा बारीक करून.

असं असताना नवरा गाडीचं काहीतरी लपवतोय हे मला कळणार नाही, असं ह्यांना वाटलंच कसं?

आधी गाडी सांगते. आमच्या ह्यांची, म्हणजे राजवर्धनांची, क्रूझर मोटरसायकल आहे. लांबलचक, जडशीळ, डबक्यातून नुकत्याच उठलेल्या म्हशीसारखी. हे तिच्यावर पाय पुढे सोडून असे बसतात, जसं काही कवठे महांकाळात ठिबकच्या नळ्यांचं दुकान नसून संस्थान आहे! लग्नापासून मी त्या गाडीला म्हैसच म्हणत आले. पण वीरधवल झाला आणि म्हैस माझी मैत्रीण झाली.

वीरधवल आमचा मुलगा. अजून रांगतोय. नाव सेनापतीचं आणि झोपेशी वैरही सेनापतीसारखंच! अंगाई, झोळी, थोपटणं, सगळे वार त्याने परतवून लावले. एकदा दुपारी जेवून दुकानात निघताना ह्यांनी अंगणात गाडी चालू केली आणि विसरलेला रुमाल घ्यायला आत गेले. गाडी जागेवरच ढग्... ढग्... ढग्... आणि माझ्या खांद्यावरचं डोकं हळूच जड झालं. बघते तर पापण्या मिटलेल्या, मूठ सुटलेली, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा एक थेंब! तो थेंब पुसायचंही धाडस झालं नाही मला.

तेव्हापासून रोज दुपारी तेच. मी बाळाला खांद्यावर घेऊन गाडीजवळ उभी, गाडी ढग् ढग्, तो झोपला की हे दुकानात आणि मी माझ्या गोष्टी लिहायला! दिवसातला माझा म्हणावा असा तेवढाच वेळ. शेजारच्या रंगूबाई कुंपणावरून ओरडायच्या, "रोज गाडी चालू हुतीया आन जात तर कुणीच न्हाई! पेट्रोल काय हिरीतनं शेंदताय व्हय गं?"

तर एका रात्री जेवताना हे म्हणाले, "गाडीचं काम काढतोय. एकतर इंजिन सुधारून घेऊ, नाहीतर रूप. दोन्ही एकदम झेपायचं नाही."

माझे सासरे, अर्जुनामामा. अर्धा जन्म मेंढरांमागे काढलेला माणूस. त्यांनी मिशीवरचं ताक पुसलं. "ह्यात इचारायचं काय? मेंढा घेताना दात बघत्यात, छाती बघत्यात. शिंगांस्नी रंग लावला म्हून मेंढा टक्कर जिंकतो व्हय?"

"आवं, पर चारचौघांत दिसाय नगं?" हरणाआत्या, म्हणजे सासूबाई, उसळल्या. "तुमी मला बघाय आला तवा माज्या बानं फेटाच बघितला हुता. छाती कुठं मोजली!"

ह्यांनी सांगलीच्या सिद्धू मिस्त्रीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सिद्धू म्हणाला, "दादा, इंजिनाचंच करा! नुसती मखमल! गाडी चालू हाय का बंद, जवळ उभं ऱ्हाऊन बी कळायचं न्हाई!"

माझी पळी आमटीत बुडाली. मखमल? म्हणजे ढग् ढग् गेलं! म्हणजे झोप गेली! म्हणजे माझं लिहिणं गेलं!

"रूप!" मी किंचाळले. "अहो, रूपच करा! टाकी चंदेरी करा! आरशासारखी! तोंड दिसलं पाहिजे त्यात!"

"काल तर हिला म्हैस म्हणत होतीस."

"म्हशीला नटायची हौस नसते? आणि आवाज गेला तर ह्याला काय तुम्ही ओव्या म्हणून झोपवणार?"

"बरं," हे म्हणाले. "रूप करू."

बरं? नुसतं बरं? ज्या माणसाने वांगं करू की दोडका, यातसुद्धा माझं पहिल्या फटक्यात ऐकलेलं नाही, तो गाडीच्या बाबतीत 'बरं' म्हणतो? माझा डावा डोळा आपोआप बारीक झाला.

आणि पुरावे मिळायला लागले! दुसऱ्याच दिवशी पहाटे बघते, तर गाडी चालू आणि हे सायलेन्सरपाशी उकिडवे. मोबाईल असा धरलेला, जसं वासराला बाटलीने दूध पाजतायत.

"काय चाललंय?"

हे दचकले. "काही नाही. सरडा होता."

"सरड्याचा फोटो काढताय?"

"हो. मोठा होता."

सरडा! मग गाडी सांगलीला गेली आणि घराची चावडी झाली. वीरधवल दुपारभर टक्क जागा, मी झोकांड्या खातेय, आत्या चहात मीठ घालतायत. आणि हे? डाळिंबाच्या झाडामागे फोनवर कुजबुजतायत, "नाही रे सिद्धू, हिला सांगितलं नाही. आधी जमतंय का बघतो." मला बघून फोन बंद!

झालं! इंजिन उघडलं होतं! वरून चंदेरी फसवणूक आणि आतून मखमल!

गाडी आणायला हे सांगलीला गेले त्या दिवशी फोनच उचलेनात. मी बाळाला काखेत मारलं. आत्या म्हणाल्या, "एकटी नगं जाऊ, मी हाय!" आणि आम्ही दोघी अर्ध्या तिकिटात पूर्ण संशय घेऊन एस.टी.त बसलो. वीरधवलने वाटेत कंडक्टरच्या मशीनमधून हातभर कागद ओढून काढला. जागा होता ना!

गॅरेजात पाऊल टाकलं तर... मधोमध टेबलावर एक इंजिन! उघडं! पिस्टन एकीकडे, नटबोल्ट दुसरीकडे, जसं काही कोंबडं कापून ठेवलंय!

"आत्या, बघा! काढलंच!"

आत्यांनी पदर खोचला. "कुठं हाय त्यो मिस्त्री? माज्या नातवाची झोप सोलून टेबलावर मांडलीस व्हय रं, मुडद्या?"

सिद्धू पाना टाकून टायरांच्या ढिगामागे गेला. तिथूनच ओरडला, "मावशी, ह्ये इंजिन जतच्या डॉक्टरांच्या गाडीचं हाय! तुमची गाडी त्या कोपऱ्यात हाय! इंजिनाला बोट बी लावलं न्हाई!"

तेवढ्यात आमचे हे वडापाव खात आले. आम्हाला बघून वडा खाली पडला, पाव हातात राहिला.

"सरडा कुठाय?" मी विचारलं.

ह्यांनी मान खाली घालून मोबाईल काढला आणि बटण दाबलं. मोबाईलमधून आवाज आला टिक् टिक् टिक्, पत्र्यावर कोंबडी दाणे टिपतेय तसा. "गाडीचा आवाज भरून घेतला होता," हे पुटपुटले. "गाडी इथं असताना तुझं लिहिणं बंद पडायला नको म्हणून. जमलं तर तुला सांगणार होतो. सिद्धूने मोठा स्पीकर पण दिला होता. तू स्वयंपाकात असताना वीरधवलला ऐकवून बघितलं, पण हा ऐकूनच घेत नाही."

वीरधवलने मोबाईलकडे असं बघितलं, जसं कुणी त्याला पाणी घातलेलं दूध दिलंय. माझा बारीक झालेला डावा डोळा आपोआप मोठा झाला. आत्या म्हणाल्या, "मिस्त्री, बाहेर ये बाबा. च्या सांग चार."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात गाडी उभी राहिली. काय तिचं रूप! टाकी चंदेरी, दिव्याची कड चंदेरी, रंगूबाई कुंपणावरून वाकून त्यात कुंकू नीट करून गेल्या. ह्यांनी बटण दाबलं.

ढग्... ढग्... ढग्...

तोच आवाज! माझ्या खांद्यावरचं डोकं जड झालं. पापण्या उतरल्या. मूठ सुटली. मी मनात पहिली ओळ लिहूनसुद्धा टाकली!

आणि एक पापणी उघडली. टाकीत एक बाळ होतं!

वीरधवल ताठ झाला. हा हसला, तेही हसलं. ह्याने जीभ काढली, त्यानेही काढली. मग काय विचारता! हा उड्या मारतोय, टाळ्या पिटतोय, गाडी आपली ढग् ढग् करून साथ देतेय. झोप गेली पार कर्नाटकात!

"मी तवाच म्हनलं हुतं," मामा ओट्यावरून म्हणाले. "शिंगं रंगवू नगा."

'आरशासारखी करा' कुणी म्हटलं होतं, ते ह्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. शेवटी आत्यांनी आतून जाडजूड वाकळ आणली आणि त्या नव्याकोऱ्या टाकीवर पांघरली. एवढी नटवलेली गाडी, रोज दुपारी आजारी माणसासारखी वाकळ घेऊन उभी असते!

तेवढ्याने तरी झोपावं ना? पण नाही. वीरधवल वाकळीकडे बघतो. मग माझ्याकडे बघतो. मग पुन्हा वाकळीकडे. आणि हळूच डावा डोळा बारीक करतो.

रहिमतपूरचं रक्त आहे हो. त्याच्यापासून काही लपत नाही!