आठ अक्षरांत आटपा

वडील जाऊन महिना झाला आणि कारकूनसाहेबांनी ठरवलं, घरातला जुना कॉम्प्युटर आता काढून टाकायचा. (तीन वर्षांपूर्वी त्यांनीच तो 'जन्मभर पुरेल' म्हणून मिरवत आणला होता.) जुना टायपिंग क्लासच्या बाईंकडे गेला, नवा टेबलावर बसला. मग फ्लॉप्यांचा डबा आवरताना एक फ्लॉपी हाती लागली. तिच्यावर बाबांच्या थरथरत्या अक्षरात फाइलचं नाव होतं: HILASANG.

"हिला सांग," त्यांनी मोठ्याने वाचलं.

आई मटकन खाली बसली. चाळीस वर्षांच्या संसारात 'चहा गार झालाय' यापलीकडे बाबांनी तिला फारसं काही सांगितलं नव्हतं. "काय सांगायचं राहिलं रे त्यांचं? मला वाचून दाखव."

"दोन मिनिटांचं काम!" (कॉम्प्युटरमधलं कचेरीत फक्त आपल्यालाच कळतं अशी त्यांची समजूत होती. कचेरीची नव्हती.)

पण फ्लॉपी जुनी, ऐसपैस. नव्या मशीनची फट लहान.

"जरा दुमडून घाल ना," आई म्हणाली.

"आई, तो रुमाल नाहीये!"

दोघं छापखान्यात गेले. तिथे फट मोठी होती, पण बाबांचा मराठी फॉन्ट नव्हता, आणि त्या काळी प्रत्येक फॉन्टचं मराठी वेगळं. पडद्यावर उमटलं: 'ठक्कड ढुं घझ्या, फोंड्या ठ.'

छापखानेवाल्याने आवाज खाली आणला. "वडील शिव्या द्यायचे का हो?"

"मला उभ्या जन्मात दिली नाही," आई म्हणाली. "याला दिली असेल तर माहीत नाही."

शेवटी टायपिंग क्लास. बाईंनी जुनं मशीन सुरू करून दिलं. "जन्मभर पुरेल म्हणालात, अगदी खरं निघालं हो," त्या म्हणाल्या. कारकूनसाहेबांना ते फार लागलं.

फाइल उघडली. वर पूर्ण मथळा होता: 'हिला सांगायचे नाही.'

फाइलच्या नावात आठच अक्षरं मावत. बाबा लांबलचक नाव टाकत बसले की कारकूनसाहेबच खेकसत, "आठ अक्षरांत आटपा, बाबा!" बाबांनी निमूटपणे आटपलं होतं.

खाली लिहिलं होतं: 'डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने. हिला कळले तर झोपणार नाही. चिरंजीवांना सांगायला दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांचे मशीन अडले होते.'

कारकूनसाहेब पडद्यासमोर आडवे उभे राहिले. त्यांना लाज वाटत होती आणि रडूही येत होतं.

"काय लिहिलंय?"

"हेच... तुझी काळजी घ्यावी म्हणून."

"एवढ्यासाठी तुझं तोंड असं झालं?" आई त्यांच्याकडे बघत राहिली. "दुखण्याचं आहे ना? म्हणजे त्यांना कळलं होतं! डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं रे. ह्यांना कळू द्यायचं नाही म्हणून मी हसत होते, आणि हे माझ्यासाठी हसत होते." तिने पदर डोळ्यांना लावला.

"तुम्हा दोघांना माहीत होतं! मग मला का नाही सांगितलंस?"

"मी आले होते की सांगायला. तू म्हणालास, दोन मिनिटांत आटप. मला काही ते जमलं नाही."